लाडकी स्वाक्षरी चारचौघांत नेताना

कोकणातल्या घरांत स्वाक्षऱ्यांचे संग्रह वरकरणी दिसत नाहीत. ते फडताळाच्या मागच्या कप्प्यात किंवा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पडून असतात, आणि घरातल्या पुढच्या पिढीलाही त्यांचा पत्ता नसतो. अशा संग्राहकांनी वर्षातून एकदा एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात एकत्र बसावे, प्रत्येकाने आपल्याकडची एकच, सर्वांत मोलाची वस्तू आणावी आणि ती कशी मिळाली हे सांगावे, असा प्रघात आम्ही काही जणांनी पाडला आहे. पहिल्या वर्षी आम्ही खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला आणि वस्तूंचा विचार केलाच नाही. परिणामी दोन वस्तूंचे कायमचे नुकसान झाले आणि त्यांतली एक माझी होती. दमट, खाऱ्या हवेच्या मुलखात स्वाक्षरी दाखवण्याची रीत वेगळी असावी लागते. ती आम्हाला चुकत चुकत सापडली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तारीख आधी, पाहुणे नंतर

चाकरमानी गणपतीत घरी येतात, त्यामुळे कार्यक्रम भाद्रपदात ठेवण्याचा मोह सर्वांना होतो, तो टाळावा. पावसाळ्यात किनाऱ्यावरची सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के मानवतात, आणि ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढे हवा गेली की बुरशी धरण्याचा धोका सुरू होतो. कपाटात मोठ्या निगुतीने कोरडा ठेवलेला कागद भाद्रपदातल्या हवेत चार तास उघडा राहिला, तर तो ओल ओढून घेतो, फुगतो, कडांना लाटेसारखा वाकतो आणि पुन्हा डब्यात गेल्यावर ती ओल आपल्याबरोबर आत कोंडून घेतो. मे महिना आंब्यांमुळे सोयीचा वाटतो, पण त्या दिवसांत प्रत्येकाच्या हाताला घाम असतो, आणि घामातले मीठ व तेल कागदावर राहिले की काही वर्षांनी तिथे तपकिरी डाग उमटतो. म्हणून मार्गशीर्ष-पौषातला, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा, एखादा रविवार निवडावा आणि पहाटेचे दव ओसरल्यावर, सकाळी दहानंतर, कार्यक्रम सुरू करावा. सभागृहात आर्द्रतामापक ठेवावा. तो फार महाग नसतो आणि त्याच्याकडे पाहून वाद मिटतात.

कोणती वस्तू न्यावी

सर्वांत प्रसिद्ध माणसाची सही ही तुमची सर्वांत मोलाची वस्तू असेलच असे नाही. निवडीची माझी कसोटी साधी आहे: ज्या वस्तूबद्दल तुम्हाला असे काही ठाऊक आहे, जे दुसरीकडे कुठेही वाचायला मिळणार नाही, ती वस्तू न्यावी. समजा, तुमच्याकडे दिलीप वेंगसरकर यांची सही असलेली बॅट आहे. ते राजापूरचे, आणि लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ अशा तीन दौऱ्यांत त्यांनी कसोटी शतके केली, ही माहिती क्रिकेटच्या कोणत्याही संदर्भग्रंथात आहे. ती तुमच्या चिठ्ठीवर लिहून काही साधत नाही. ती बॅट कुणी, कोणत्या मैदानावर, कोणत्या साली पुढे केली, पेन कुणाचे होते, सही देताना आजूबाजूला कोण होते, हे मात्र फक्त तुम्हालाच ठाऊक असते आणि तुमच्याबरोबरच ते नाहीसे होण्याची शक्यता असते.

म्हणून वस्तू निवडल्यावर पहिले काम नोंद लिहिण्याचे करावे. स्वाक्षरी कुणाची, कशावर, कोणत्या दिवशी, कोणत्या गावी मिळाली. तुम्हाला प्रत्यक्ष मिळाली की कुणाकडून आली. कुणाकडून आली असल्यास त्याला कशी मिळाली. आणि या सगळ्यातले किती तुम्ही स्वतः पाहिलेले आहे, किती ऐकलेले आहे. हा शेवटचा भेद कटाक्षाने पाळावा, कारण ‘आजोबांना टिळकांनी स्वतः दिली’ आणि ‘आजोबांना टिळकांनी दिली असे आजी सांगत असे’ या दोन वाक्यांत संग्राहकाच्या दृष्टीने फार अंतर आहे. नोंद वस्तूवर लिहू नये, मागच्या बाजूलाही नाही. वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहावी आणि तो कागद वस्तूच्या पाकिटात न घालता डब्यात वेगळा ठेवावा.

खरेपणाची तपासणी घरीच करावी

चारचौघांत कुणीतरी ‘ही छापील आहे’ असे म्हणण्यापेक्षा आपणच आधी भिंग हातात घेतलेले बरे. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. रंगीत छपाईतली सही बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते, रबरी शिक्क्यात शाई कडांना दाबली गेलेली असते, तर हाताने केलेल्या सहीत रेषा एकमेकींना छेदतात तिथे शाईचा दुसरा थर दिसतो आणि दाब कमी-जास्त होतो. बॉलपेनची सही असल्यास कागद तिरक्या उजेडात धरावा म्हणजे रेषेची खाच उमटून दिसते. खेळण्याएवढ्या छोट्या बॅटींवर संपूर्ण संघाच्या सह्या असतात, त्या बहुतेक वेळा छापलेल्याच असतात. ती बॅट लहानपणीची आठवण म्हणून जरूर जपावी, पण ती स्वाक्षरी नव्हे. मोठ्या पदांवरच्या व्यक्तींच्या पत्रांवर यंत्राने केलेल्या सह्याही आढळतात. त्यांत दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो, आणि अशा दोन सह्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरल्या तर त्या तंतोतंत जुळतात. जिवंत माणसाच्या हाताच्या दोन सह्या कधीही इतक्या जुळत नाहीत.

काळाचा हिशेब हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्दय पुरावा आहे. बॉलपेन बाजारात आले ते १९४०च्या दशकात आणि जेलची शाई १९८०च्या दशकात. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले. त्यामुळे रत्नागिरीतल्या कुणाच्या जुन्या घरात सापडलेली, बॉलपेनने केलेली त्यांची सही कितीही देखणी असली तरी ती त्यांची नाही. पुस्तकांच्या बाबतीत पहिल्या पानाआधीचे मुद्रणाचे पान पाहावे. रत्नागिरीच्या १९९०च्या साहित्य संमेलनात किंवा चिपळूणच्या जानेवारी २०१३मधल्या संमेलनात सही घेतली असे सांगितले जात असेल, तर पुस्तकाची ती आवृत्ती त्या तारखेच्या आधी छापलेली असली पाहिजे. हे इतके उघड आहे की कुणी तपासत नाही, आणि म्हणूनच फसवणूक होते. टोपणनावाचाही विचार करावा. चिं. त्र्यं. खानोलकर कविता ‘आरती प्रभू’ या नावाने लिहीत. अशा लेखकाची सही दोहोंपैकी कोणत्या नावाने आहे आणि ती कशावर आहे, कवितासंग्रहावर की कादंबरीवर, हे नोंदीत लिहावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कागदांवर मोडी लिपीतली सही असू शकते. ती वाचता येत नाही म्हणून ‘अज्ञात’ लिहून मोकळे होऊ नये. मोडी जाणणारी माणसे अजून आहेत, त्यांना वस्तूचे छायाचित्र दाखवावे.

शाई, कागद आणि माझी चूक

माझे नुकसान लॅमिनेशनने केले. एका लेखकाने मला पाठवलेले पोस्टकार्ड हाताळणीत खराब होऊ नये म्हणून मी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते बाजारात नेऊन प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणले. उष्णतेने निळी शाई किंचित पसरली, प्लॅस्टिकचा गोंद कागदाच्या तंतूंत उतरला, आणि आता ते पोस्टकार्ड कोणत्याही उपायाने बाहेर काढता येत नाही. लॅमिनेशन, सेलोटेप आणि डिंक या तीन गोष्टी स्वाक्षरीच्या जवळपासही आणू नयेत. सेलोटेप आधीपासून लावलेली असेल तर ती ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. तिच्याबरोबर कागदाचा वरचा थर निघतो. ते काम संवर्धन करणाऱ्या जाणकाराचे आहे.

फाउंटन पेनची धुऊन जाणारी निळी शाई पाण्याला आणि उजेडाला, दोन्हींना कच्ची असते. निळी-काळी शाई बहुधा लोहयुक्त असते. ती पाण्याला अधिक टिकते, पण तिच्यातल्या आम्लामुळे कालांतराने रेषेखालचा कागद ठिसूळ होतो, म्हणून असे कागद घडीवर दुमडू नयेत. बॉलपेनची शाई तेलकट असल्यामुळे ती प्लॅस्टिकच्या पाकिटाला चिकटून राहिल्यास पाकिटावर उमटते. मार्कर पेनची सही फोटोवर उठून दिसते, परंतु चामड्यावर आणि कच्च्या लाकडावर ती भराभर फिकी पडते. शाई पक्की आहे की कच्ची, हे पाहण्यासाठी ओले बोट लावण्याची सवय अनेकांना असते. ती सवय आजच मोडावी.

कागदी वस्तू नेण्यासाठी पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे पारदर्शक पाकीट घ्यावे. बाजारात सहज मिळणारी, हात लावल्यावर मऊ लागणारी आणि उघडताच उग्र वास येणारी पाकिटे बहुतेक पीव्हीसीची असतात. त्यांतून निघणारी द्रव्ये शाई ओढून घेतात आणि कागद पिवळा करतात. पाकिटात मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालावा आणि कागद त्याला चिकटवण्याऐवजी चार कोपऱ्यांना फोटो कॉर्नर लावून धरावा. जुन्या मराठी पुस्तकांचा कागद मुळातच आम्लयुक्त असल्याने सहीचे पान समोरच्या पानावर सावलीसारखा डाग उमटवते. दोन पानांमध्ये आम्लमुक्त कागदाचा एक तुकडा घालून ठेवला तर हे बरेच थांबते. सही दिसावी म्हणून ते पान पुस्तकातून कापून चौकटीत लावणारे संग्राहक मी पाहिले आहेत. त्याबद्दल येथे अधिक लिहिले तर भाषा बिघडेल.

फोटोंची गोष्ट निराळी. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो मऊ होतो आणि चौकटीच्या काचेला असा चिकटतो की नंतर काच काढताना चेहरा आणि सही दोन्ही काचेबरोबर येतात. त्यामुळे सही असलेला फोटो काचेला टेकता कामा नये; मध्ये जाड पुठ्ठ्याची माउंट हवीच. हे काम पावसाळ्याआधी करावे. फोटो आधीच चिकटलेला असेल तर चौकटीसकट तसाच ठेवावा.

बॅटीबद्दल एकच सांगायचे आहे, पण ते महत्त्वाचे आहे. सही असलेल्या बॅटीला जवसाचे तेल लावू नये. खेळायच्या बॅटीला ते हवे असते, पण ते लाकडात झिरपताना शाईलाही आपल्याबरोबर पसरवते. अशी बॅट पडवीत खुंटीला टांगून ठेवली तर दोन उन्हाळ्यांत तिच्यावरची नावे वाचता येत नाहीत.

प्रवास

एसटीच्या वरच्या फळीवर किंवा स्कूटरच्या डिकीत वस्तू ठेवू नये; डिकी दुपारी तापते आणि तापलेल्या प्लॅस्टिकमध्ये बॉलपेनची शाई सुटते. दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये पाकीट, त्यावर सुती कापड, आणि हे सगळे घट्ट झाकणाच्या डब्यात, असे बांधून डबा मांडीवर घ्यावा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने येणाऱ्यांनी डबा गाडीतच बंद ठेवावा आणि बोटीत कुणी कितीही आग्रह केला तरी उघडू नये. खाऱ्या वाऱ्यातले मीठ कागदावर बसले की ते तिथे राहून हवेतली ओल ओढत राहते. वातानुकूलित गाडीतून आलेला डबा सभागृहात पोहोचताच उघडला तर गार वस्तूवर दव धरते. तो बंद अवस्थेतच दोन तास बाजूला ठेवावा, तोवर चहा घ्यावा.

तो चहा मात्र दुसऱ्या खोलीत. पहिल्या वर्षीचे दुसरे नुकसान कोकम सरबताने झाले आणि कोकमाचा डाग काय असतो हे कोकणात सांगायला नको. मांडणीच्या टेबलावर पाणी, हार, फुले, उदबत्ती, समई, काहीही नसावे. दीपप्रज्वलन करायचेच असेल तर ते व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला करावे. टेबलावर धुतलेली, खळ नसलेली पांढरी चादर घालावी. खिडकीतून ऊन टेबलावर येत नाही ना, हे त्या दिवशी न पाहता आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन पाहावे. छताचा पंखा बंद ठेवावा किंवा सुटे कागद पाकिटातच दाखवावेत.

हाताळणीसाठी पांढरे सुती हातमोजे घालण्याची पद्धत दिसायला छान असली तरी कागदासाठी ती मी नाकारतो. हातमोज्यांत बोटांना कागदाची जाडी कळत नाही आणि कोपरे दुमडतात. साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात कागदासाठी अधिक चांगले. फोटो आणि धातूच्या वस्तूंसाठी मात्र हातमोजे हवेत. शक्यतो वस्तू मालकानेच हातात धरावी आणि बाकीच्यांनी भिंगातून पाहावे. ‘जरा बघू’ म्हणून हात पुढे करणाऱ्या वडीलधाऱ्यांना नाही म्हणणे आपल्याकडे अवघड जाते, म्हणून आम्ही आता हा नियम निमंत्रणपत्रिकेवरच छापतो.

छायाचित्रे आणि कायदा

प्रत्येक जण मोबाइल काढणारच, त्यामुळे कशाचे छायाचित्र घेता येईल हे आधी जाहीर करावे. पत्रावर पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक असेल तर तो कागदाच्या पट्टीने झाकावा. हयात व्यक्तीची पूर्ण, स्पष्ट स्वाक्षरी मोठ्या आकारात प्रसृत करू नये. ती उचलून बनावट सह्या करणारे लोक असतात. पत्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पत्राचा कागद तुमच्या मालकीचा असला तरी त्यातल्या मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे असतो, आणि भारतीय कायद्यात साहित्यकृतींसाठी ही मुदत सर्वसाधारणपणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांची आहे. म्हणून सहीपुरता भाग दाखवावा, संपूर्ण पत्र छापायचे असल्यास वारसांची परवानगी घ्यावी. १९७२च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा साहित्यिक मूल्य असलेली, ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलाकडे जाताना बॅगेत आजोबांचे जुने हस्तलिखित घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

वस्तू घरातून निघण्यापूर्वी तिची चांगली प्रत स्कॅन करून घेणे मी सक्तीचे मानतो: ६०० डीपीआय, पुढची आणि मागची बाजू, आणि सोबत नोंदीचेही छायाचित्र. ही प्रत घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडेही असावी. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीतली छपरे उडाली आणि २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळूण पाण्याखाली गेले. ज्यांची मूळ वस्तू आणि प्रत एकाच कपाटात होती, त्यांच्याकडे काहीच उरले नाही. पाण्यात भिजलेला सहीचा कागद उन्हात वाळत घालू नये. लगेच वाळवणे शक्य नसेल तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून थेट फ्रीजरमध्ये ठेवावा. त्यामुळे बुरशी आणि शाईचे पसरणे थांबते, आणि विचार करायला वेळ मिळतो.

घरी परतल्यावर

त्याच दिवशी वस्तू मूळ कपाटात परत ठेवू नये. सभागृहातल्या जुन्या पुस्तकांतून कसर किंवा तिची अंडी सोबत आलेली असू शकतात, म्हणून दोन-तीन आठवडे वस्तू वेगळ्या बंद डब्यात ठेवून तिच्यावर लक्ष ठेवावे. मऊ ब्रशने धूळ आणि मिठाचे कण झाडावेत. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. रंग बदलणारे दाणे घेतल्यास ते ओले झाल्याचे कळते, आणि सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवून ते पुन्हा वापरता येतात, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. डांबरगोळ्या प्लॅस्टिक आणि फोटोंबरोबर ठेवू नयेत. पोथ्यांसाठी आपल्याकडे पूर्वापार वापरले जाणारे वेखंड मलमलच्या पोटलीत बांधून, कागदाला स्पर्श होणार नाही असे, डब्याच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही.

डबा जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या, टेकवून ठेवू नये, कारण नैर्ऋत्येचा पाऊस त्या भिंतींवर झोडपतो आणि ओल आत झिरपते. माजघरातल्या आतल्या भिंतीशी, जमिनीपासून हातभर उंच, आणि वाळवी चढू नये म्हणून भिंतीपासून चार बोटे सोडून ठेवावा. मृग लागण्यापूर्वी एकदा डबा उघडून सिलिका जेल बदलावे, सही आणि स्कॅन शेजारी ठेवून शाई फिकी पडली आहे का ते पाहावे, आणि पाहिल्याची तारीख नोंदीच्या कागदावर पेन्सिलीने लिहून झाकण लावावे.